मत मागायला आलेल्या उमेदवाराला शाळेबद्दल नेमकं काय विचारायचं?

निवडणूक लागली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीवाडीवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "आमची शाळा बंद होणार नाय ना?" उत्तरही ठरलेलं असतं. "मी असेपर्यंत एकही शाळा बंद होऊ देणार नाही." टाळ्या पडतात, चहा होतो, गाड्या पुढच्या वाडीला निघतात. पुढे दोन-तीन वर्षांत शाळेला कुलूप लागलं की पालक म्हणतात, फसवलं. पण कागद काढून बघितले तर शाळा बंद करण्याचा हुकूम सहसा सापडत नाही. शिक्षक कमी झाले, मुलं दुसरीकडे गेली, पट शून्यावर आला आणि इमारत रिकामी राहिली, एवढंच झालेलं असतं. उमेदवार निर्धास्तपणे म्हणू शकतो, मी कुठे बंद केली?

कोकणातले पालक प्रश्न विचारायला कचरत नाहीत. अडतं ते दुसरीकडेच. ज्याच्या अखत्यारीत ती गोष्ट आहे त्याला प्रश्न जात नाही, आणि गेला तरी उत्तर पुढे तपासता येईल असा तो नसतो. या दोन्ही गोष्टी सुधारता येतात. त्यासाठी शाळेचा कारभार कुठून कसा चालतो एवढं ठाऊक असलं की पुरे.

शाळा ओस पडते ती अशी

दोन सरकारी शब्द आधी समजून घेऊ. पटसंख्या, म्हणजे शाळेच्या पटावर नाव असलेली मुलं. आणि संचमान्यता, म्हणजे तो पट बघून शाळेला शिक्षकांची किती पदं द्यायची याचा सरकार दरवर्षी करतं तो हिशोब. शाळेचं बरंवाईट बहुतांशी या एका हिशोबावर ठरतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी मुलं ६० पर्यंत असली तरी दोन शिक्षक हवेत, असं त्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीसाठी गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा या तिन्हींना निदान एकेक शिक्षक हवा, असंही आहे. कायदा इथे मुलांच्या बाजूने आहे. पण तो प्रत्यक्षात उतरतो तो राज्य सरकारच्या शासन निर्णयांतून, ज्याला सगळे 'जीआर' म्हणतात. १५ मार्च २०२४ च्या जीआरने संचमान्यतेचे निकष बदलले. त्यातला कोकणाला सगळ्यात जास्त झोंबलेला भाग असा: सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून मुलं वीसपेक्षा कमी असतील, तर त्या गटाला नियमित शिक्षकाचं पद मिळत नाही. शिक्षक संघटनांनी यावर मोर्चे काढले, निवेदनं दिली.

आता एखाद्या गावात याचं काय होतं ते बघा. समजा, सातवीपर्यंतची शाळा आहे. पहिली ते पाचवीत १४ मुलं, सहावी-सातवीत ११. वरच्या गटाचं पद गेलं, म्हणून ती ११ मुलं शेजारच्या गावच्या शाळेत घालावी लागली. त्यांतल्या पाचसहा जणांची धाकटी भावंडं याच शाळेत खाली शिकतात. सकाळी भाताचा डबा भरून एक मूल वरच्या पाणंदीने आणि दुसरं खालच्या रस्त्याने पाठवणं कुठल्या आईला परवडणार? त्यात इंग्रजी शाळेची व्हॅन तिठ्यावर येतेच. दोघंही व्हॅनमध्ये बसतात. पुढच्या हिशोबाला खालचा पट १४ वरून आठावर आलेला असतो. शाळा बंद करा असं कुणीही म्हटलेलं नाही, तरी ती आता फार तर तीन वर्षांची सोबती आहे.

या हिशोबात आणखी एक खाच आहे आणि ती पालकांनी जरूर लक्षात घ्यावी. पट ३० सप्टेंबरचा धरतात, आणि अलीकडे आधार क्रमांकाशी जुळलेली मुलंच त्यात मोजतात. वाडीतल्या कितीतरी मुलांचं आधार मुंबईत, विरार-दिव्याच्या बाजूला काढलेलं असतं. आधारवर जन्मतारीख एक, शाळेच्या रजिस्टरला दुसरी. किंवा आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. मूल रोज वर्गात बसतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं, पण सरकारच्या मोजणीत ते नसतं. एकोणीस आणि वीस यांच्यामधला फरक कधीकधी अशा एका अक्षराचा असतो. हे काम निवडणुकीची वाट न बघता करण्यासारखं आहे.

कुणाच्या हातात काय आहे?

विजेचा दर वाढला म्हणून वायरमनशी भांडण्यात अर्थ नसतो, आणि वादळात तुटलेली तार जोडायला कुणी मंत्रालयात जात नाही. शाळेच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच करतो. जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला हिंदीच्या सक्तीबद्दल विचारतो आणि आमदारकीच्या उमेदवाराला मुतारीच्या दाराबद्दल.

शिक्षण हा विषय १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून केंद्र आणि राज्य दोघांच्या सामाईक यादीत आहे. शिक्षण हक्क कायदा संसदेचा, म्हणून त्यात काही बदल हवा असेल तर तो प्रश्न खासदारकीच्या उमेदवाराचा. समग्र शिक्षा योजनेचा पैसा केंद्र आणि राज्य ६०:४० प्रमाणात देतात. शाळेला वर्षाचं जे संयुक्त अनुदान मिळतं तेही याच योजनेतून आणि तेही पटावर: ३० पर्यंत मुलं असतील तर १०,००० रुपये, त्यापुढे १०० पर्यंत २५,०००. दहा हजारांत वर्षभराचे खडू, विजेचं बिल, झाडलोट, किरकोळ दुरुस्ती. कोकणातल्या पावसात कौलं फुटणं ही किरकोळ दुरुस्ती धरायची का, हा प्रश्न कुणाही खासदाराला विचारता येईल असा आहे. लहान शाळेचा खर्च मुलांच्या संख्येच्या प्रमाणात कमी होत नाही. छप्पर दहा मुलांवरही तेवढंच मोठं असतं.

संचमान्यतेचे निकष, शिक्षक भरती, बदल्यांचं धोरण, कुठली भाषा कितवीपासून, हे सगळं राज्य सरकारचं. इथे आमदारकीच्या उमेदवाराला विचारायचं. राज्याचे निर्णय दगडावरची रेघ नसतात, हे २०२५ मध्ये सगळ्यांनी बघितलं. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी सक्तीची करणारा जीआर १६ एप्रिलला निघाला, १७ जूनला तो सुधारून पुन्हा काढला, आणि पालक, शिक्षक, साहित्यिक, राजकीय पक्ष असे सगळे एकदम उठल्यावर २९ जूनला सरकारने दोन्ही जीआर मागे घेतले. अडीच महिन्यांच्या आतली ही गोष्ट. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की जीआर बदलतो, आणि तो जिथून निघतो तिथे दाब पोचला की बदलतो. संचमान्यतेचा जीआरही त्याच मंत्रालयातून निघतो. त्याच्यासाठी मात्र महाराष्ट्र तसा उठला नाही. वाडीतल्या अकरा मुलांचा प्रश्न शहरातल्या घरांत पोचत नाही, म्हणून तो इथल्या पालकांनीच नीट मांडायला हवा.

प्राथमिक शाळा चालवते ती जिल्हा परिषद. तिचा कायदा १९६१ चा. आपल्या गटातून एक सदस्य जिल्हा परिषदेवर जातो, आणि त्याच गटाच्या दोन गणांतून पंचायत समितीवर. जिल्हा परिषदेत शिक्षण समिती असते, तिला सभापती असतो, आणि परिषदेचा स्वतःचा निधी असतो ज्याला बोलताना 'सेस' म्हणतात. वर्गखोलीची दुरुस्ती, धोकादायक इमारत पाडणं, शिक्षक नसलेल्या शाळेवर शेजारच्या शाळेतला शिक्षक 'कामगिरी'वर, म्हणजे तात्पुरता, पाठवणं, या गोष्टी तिथे ठरतात. गावातली तक्रार पुढे सरकते ती केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी या वाटेने. सदस्य ताकदीचा असेल तर ती वाट लवकर संपते. २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. शाळांच्या दृष्टीने हा काळ वाईट होता. शिक्षक नाहीत म्हणून पालक पंचायत समितीत जाऊन बसत, पण सभागृहात उभं राहून शिक्षणाधिकाऱ्यांना जाब विचारणारा त्यांचा माणूसच नव्हता. सदस्य किती कामाचा असतो हे तो नसताना कळलं.

पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, शाळेपर्यंतची पाखाडी, हे ग्रामपंचायतीला वित्त आयोगाच्या निधीतून करता येतं. आमदार आणि खासदार दोघांनाही वर्षाला पाच-पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो. त्यातून वर्गखोली किंवा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, होऊ शकतो, शिक्षक मात्र मिळू शकत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण प्रचारात बरेचदा शिक्षकाबद्दल विचारलं की उत्तर खोली बांधून देण्याचं येतं.

शिक्षक येतात आणि जातात

कोकणातल्या पालकांच्या मनातला सगळ्यात जुना सल हा आहे. भरती होते, नवे शिक्षक रुजू होतात, मुलांना त्यांचा लळा लागतो, आणि काही वर्षांत आंतरजिल्हा बदलीने ते आपल्या जिल्ह्यात परततात. मागे जागा रिकामी.

यात त्या शिक्षकाला दोष देऊ नये. पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, निवड झालेला मराठवाड्यातला मुलगा लांजा-राजापुरात येतो. पहिली तीन वर्षं तो 'शिक्षण सेवक', महिना १६,००० रुपये मानधनावर. खोलीभाडं, मोटरसायकलचं पेट्रोल, आई-वडील चारशे-पाचशे किलोमीटरवर. त्याने घरी जावंसं वाटणं साहजिक आहे. प्रश्न त्याच्या जाण्याचा नसून त्याच्या जागी कुणी न येण्याचा आहे.

यावर प्रचारातलं आवडतं आश्वासन म्हणजे "भरती फक्त स्थानिकांची करू." डी.एड. करून घरी बसलेली आपली मुलं-मुली बघता ते मनाला पटतं. त्यांची मागणी न्याय्य आहे असं मलाही वाटतं. पण मत देण्यापूर्वी हे माहीत असावं: राज्यघटनेचं कलम १६(२) सरकारी नोकरीत केवळ रहिवासावरून भेद करायला मनाई करतं, आणि १६(३) प्रमाणे रहिवासाची अट घालणारा कायदा फक्त संसद करू शकते. जिल्हा परिषदेचा सदस्य तो करू शकत नाही, आमदारही नाही. त्यामुळे "फक्त स्थानिक" म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न लगेच विचारा: कुठल्या कायद्याने?

त्यापेक्षा ज्याचं उत्तर त्याला देता येईल असं विचारलेलं बरं. बदली झालेल्या शिक्षकाला, त्याच्या जागी दुसरा हजर झाल्याशिवाय सोडू नये, असा नियम करून घेण्यासाठी तुम्ही विधानसभेत काय कराल? जिल्ह्यातली रिकामी पदं पुढच्या भरतीत सगळी दाखवली जातील याची खात्री कोण करणार? पद भरेपर्यंत स्थानिक डी.एड. धारकाला मानधनावर नेमायला जिल्हा परिषदेच्या स्वनिधीतून तरतूद कराल का, आणि किती?

उत्तर तपासता येईल असा प्रश्न

मघाचा प्रश्न पुन्हा घेऊ. "शाळा बंद होणार नाही ना?" याला 'नाही' म्हणायला काही लागत नाही. आता हाच प्रश्न असा विचारून बघा. समजा सहाणेवर बैठक बसली आहे, उमेदवार जिल्हा परिषदेचा आहे, आणि एक आई उभी राहते.

"भाऊ, आमच्या शाळेत यंदा बावीस पोरं आणि एकच बाई. चार वर्ग एका खोलीत बसतात. दुसरं पद मंजूर आहे, पण जूनपासून रिकामं आहे. तुम्ही निवडून आलात तर पहिल्या तीन महिन्यांत ते भरायला काय करणार? आणि नाही भरलं तर कामगिरीवर कोण येणार?"

या प्रश्नात आकडा आहे, पद मंजूर असल्याची माहिती आहे, मुदत आहे, आणि नाही जमलं तर काय याचीही विचारणा आहे. "बघू, करू" म्हणून सुटता येत नाही. "मला माहिती घ्यावी लागेल" असं उमेदवार म्हणाला तर ते चांगलं उत्तर समजा आणि विचारा, कधीपर्यंत सांगाल? माझा अनुभव असा की माहिती घेतो म्हणणारा आणि खरंच फोन करून विचारणारा उमेदवार, पटकन शब्द देणाऱ्यापेक्षा पुढे जास्त कामाला येतो.

मंजूर पदं किती, भरलेली किती, हे मुख्याध्यापकांकडे असलेल्या संचमान्यतेच्या पत्रकात असतं. ते बघण्याचा हक्क शाळा व्यवस्थापन समितीला आहेच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणं हे तिचं कायद्याने दिलेलं काम आहे. बऱ्याच ठिकाणी हा आराखडा गुरुजी एकट्याने भरतात आणि पालक सह्या करतात. निवडणुकीच्या आधी तो आराखडा एकदा वाचून काढला तर प्रश्न आयते मिळतात. छप्पर, कुंपण, शौचालय, शिक्षक, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

पैशाबद्दल विचारणं उद्धटपणाचं वाटतं कित्येकांना. तसं वाटून घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांबद्दल मार्गदर्शक सूचना घातल्या. आश्वासनामागचं कारण आणि ते पुरं करायला पैसा साधारण कुठून आणणार, हे पक्षांनी सांगावं अशी अपेक्षा त्यांत आहे. म्हणजे "एवढा पैसा कुठून आणणार?" असं विचारणारी वाडीतली बाई आयोगाचंच म्हणणं पुढे नेते.

"चार पोरांसाठी शाळा कशाला हवी?"

हा आक्षेप फक्त सरकार घेत नाही, आपल्यातलेही घेतात. त्याला झटकून टाकू नये.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. पुणे जिल्ह्यातली पानशेतची आणि नंदुरबार जिल्ह्यातली तोरणमाळची शाळा उदाहरण म्हणून पुढे ठेवली होती. राज्यात अशा कमी पटाच्या शाळा पंधरा हजारांच्या आसपास होत्या. सरकारची बाजू अशी की तिसरीत एकच मूल असेल तर त्याला ना सोबत, ना खेळ, ना स्पर्धा. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा होईल, वाचनालय होईल, विषयाला शिक्षक मिळेल.

यात तथ्य आहे. कबड्डीचा संघ उभा राहायला सात पोरं लागतात, आणि जिथे अख्ख्या शाळेत पाच आहेत तिथे ती पोरं काहीतरी गमावतात. म्हणून एकही शाळा कधीच हलवू नये, असं मी म्हणणार नाही.

पण कोकणातलं अंतर नकाशावर मोजू नये. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत चालत जाण्याजोगी हवी. दोन वाड्यांमधलं अंतर नकाशावर आठशे मीटर दिसतं, आणि मध्ये पऱ्या असतो. जूनपासून त्याला पाणी येतं. साकव असेल तर ठीक, नसेल तर रस्त्याने वळसा घालून तीन किलोमीटर, तेही चढणीचे आणि अलीकडे बिबट्याच्या भीतीचे. सहा वर्षांच्या मुलीला हे कोण चालायला लावणार? ती पहिल्या पावसात शाळेला दांड्या मारू लागते आणि दिवाळीपर्यंत तिचं जाणं सुटतं.

म्हणून समूह शाळेबद्दल उमेदवाराला "बाजूने की विरोधात" एवढंच विचारून थांबू नका. गाडी आधी येणार की कुलूप आधी लागणार, हे विचारा. समग्र शिक्षेत लांबच्या मुलांसाठी वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत. महिन्याला ते पाचशे होतात. आपल्या घाटीवर पाचशेत रिक्षा ठरते का, ते पालकांना चांगलं माहीत आहे. भत्ता जूनमध्ये येणार की मार्चमध्ये, गाडीत मुलांसोबत मोठं माणूस असणार की नाही, अतिवृष्टीत गाडी बंद पडली तर मुलांनी घरी जायचं कसं? मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा मोफत पास आहे, पण शाळेच्या वेळेला एसटीच नसेल तर तो पास दप्तरात राहतो. फेरीची वेळ बदलून घेणं हे आमदाराला आगार व्यवस्थापकाकडे बसून करता येण्यासारखं काम आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ स्वतंत्र झाल्यापासून सतत राज्यात पहिलं येतं आहे, आणि प्रचारात प्रत्येक पक्ष त्याचा अभिमान सांगतो. ते यश ज्या मुलांचं आहे, त्यांतली पुष्कळ याच वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळांतून अक्षरं गिरवून गेलेली आहेत. लहान शाळा म्हणजे वाईट शाळा असं सरसकट म्हणणाऱ्याला हे दाखवायला हरकत नाही.

"स्वतःची पोरं इंग्रजी शाळेत आणि प्रश्न मराठी शाळेचा?"

हा टोमणा उमेदवाराचे कार्यकर्ते हमखास मारतात, आणि पालक गप्प होतात. गप्प होऊ नये. जिल्हा परिषदेची शाळा मतदाराच्या पैशाने चालते. तिच्याबद्दल विचारायला मूल तिथेच असायला हवं अशी अट नाही. शिवाय ज्यांनी मूल काढून नेलं त्यांच्यापेक्षा शाळेत काय कमी पडलं हे दुसरं कोण नेमकं सांगणार? "एका बाईंवर चार वर्ग होते म्हणून काढला, दोन शिक्षक द्या, परत घालतो" हे ज्यांना मनापासून म्हणता येतं, त्यांनी ते उघड म्हणावं. असं म्हणणारी पाच घरं निघाली तर उमेदवाराला पट वाढण्याची आशा दिसते, आणि शिक्षणाधिकाऱ्यांसमोर मांडायला मुद्दा मिळतो.

"विचारलं तर राग धरतील, आणि गुरुजींना त्रास होईल"

छोट्या गावात ही भीती खरी आहे. भावकी, मानपान, पालखीचा वाद, सगळं त्या एका प्रश्नाला येऊन चिकटतं. त्यावर उपाय एकच: प्रश्न एका माणसाचा ठेवू नका. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी आणि इतर पालकांनी मिळून चार-पाच प्रश्न कागदावर लिहावेत, आणि वाडीत येणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला तेच, त्याच शब्दांत विचारावेत. मग कुणी कुणाचा माणूस म्हणून विचारतोय असं राहत नाही. चार उमेदवारांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवूनही बघता येतात.

शिक्षकांना यात ओढायचं नाही, हे मात्र कटाक्षाने पाळावं. त्यांना सेवानियमांनी राजकारणात भाग घ्यायला मनाई आहे. बैठक शाळेत नको, मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्रक नको, शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उमेदवाराचं नाव नको. देवळात, सहाणेवर, कुणाच्या पडवीत बसा. आकडे समितीने आधीच लिहून घेतलेले असले की गुरुजींचं नाव घ्यायची वेळ येत नाही.

कधी उलटी सबब पुढे येते: "आचारसंहिता आहे, आत्ता काही बोलता येत नाही." ती मानू नका. सत्तेत असलेल्यांनी त्या काळात नवा निधी जाहीर करायचा नाही, भूमिपूजनं करायची नाहीत, असं आचारसंहिता सांगते. निवडून आल्यावर मी काय करीन, संचमान्यतेच्या जीआरबद्दल माझं मत काय, हे सांगायला उमेदवाराला कुणीही अडवलेलं नाही. प्रचार म्हणजे तेच तर असतं.

"पक्षाचं धोरण वरून ठरतं, माझ्या हातात काय?" असं म्हणणारेही भेटतात. त्यांना विचारायचं, तुम्ही वर काय कळवलंत? पक्षाकडे शाळांबद्दल लिहिलेलं एखादं पत्र असेल तर दाखवा. नसेल तर आमचे हे प्रश्न त्याच पत्रात घाला आणि पोच आम्हाला द्या.

निवडणूक झाल्यावर

उत्तर मिळालं की ते तारखेसह वहीत उतरवा, आणि जमल्यास उमेदवाराला वाचून दाखवा. मोबाइलवर चित्रण करायचं तर आधी सांगून करा. चोरून केलेल्या चित्रणाने भांडणंच होतात. निकालानंतर, कोणीही निवडून आलेलं असो, पहिल्या ग्रामसभेत तेच प्रश्न ठराव म्हणून मांडता येतात, आणि ठरावाची प्रत सदस्याला, गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि आमदाराला जाते. तीन महिन्यांनी काही हललं नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा: आमच्या शाळेच्या रिकाम्या पदाबद्दल अमुक तारखेपासून कोणकोणता पत्रव्यवहार झाला, त्याच्या प्रती द्या. उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते. सदस्याने खरंच पाठपुरावा केला असेल तर त्याची पत्रं त्यात निघतात, आणि मग त्याचं जाहीर कौतुकही करावं. चांगल्या कामाची दखल घेतली जाते हे लोकप्रतिनिधींनाही कळायला हवं.

वही शाळेच्या कपाटात ठेवू नये, समितीतल्या एखाद्या पालकाच्या घरी ठेवावी. समिती बदलली की नव्या सदस्यांकडे द्यावी. आणि दर जून-जुलैमध्ये, पोरांची आधारवरची नावं रजिस्टरशी पडताळून, त्यात यंदाचा आकडा लिहावा. सप्टेंबर संपायच्या आत चुका दुरुस्त करायला तेवढेच महिने हाताशी असतात.